सोऱ्यासाठी अकरा नियम

माझ्या बायकोची फराळाच्या पदार्थांची एक वेबसाइट आहे. तिच्या तळाशी, जिथे सहसा कोणी जात नाही, 'स्पर्धेचे नियम' असं एक पान अजून आहे. नियम अकरा. सगळे मी लिहिलेले. परवा ते पान पुन्हा उघडावं लागलं आणि इथलं, कतारमधल्या अल रय्यानचं, आमचं जुनं घर आठवलं.

तेव्हा मुलगी शाळेत होती. मी कंपनीत प्रकल्पांच्या खर्चाचे अंदाज बांधायचो, अजूनही तेच करतो. बायको पुण्यात शाळेत शिकवायची. इथे माझ्या व्हिसावर आल्यापासून घरीच होती. दुपारच्या रिकाम्या वेळेत तिने ती वेबसाइट सुरू केली. वाचक मोजून दोन, पुण्याची मेहुणी आणि मी. एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "या दिवाळीला कोणी आलं तर ठीक, नाहीतर बंद करते. भिंतीशी किती बोलायचं?" हे वेबसाइटबद्दल नव्हतं, एवढं मला कळलं.

लोक यावेत म्हणून तिने बक्षीस ठेवायचं ठरवलं. सुट्टीत तुळशीबागेतून चकलीचा एक नवा पितळी सोऱ्या आणला. दोहाच्या विमानतळावर तो यंत्रात नळकांड्यासारखा दिसला, बॅग उघडावी लागली. बायकोने हवेत दांडा फिरवून चकली पाडून दाखवली. अधिकाऱ्याने दुसऱ्याला बघायला बोलावलं, तिला पुन्हा दांडा फिरवायला लावला, आणि मग हसून म्हणाला, "यल्ला, यल्ला," म्हणजे चला, निघा.

तिने जाहिरात लिहिली: पानावर आपलं नाव नोंदवा, दिवाळीआधी मुलीच्या हातून चिठ्ठी काढू, सोऱ्या जिंका. मला दाखवली आणि मी अडलो. आमच्या सुपरमार्केटमध्ये गाडीच्या सोडतीचा मोठा फलक असायचा. रांगेत उभं राहून मी तो तळापर्यंत वाचला होता. अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, सरकारी परवानगीचा क्रमांक होता.

"हळदीकुंकवाला चिठ्ठ्या काढतो तेव्हा कोणाची परवानगी घेतो आपण?" बायको म्हणाली.

"ते आपल्या घरात. हे सगळ्या गावासमोर."

"एक सोऱ्या आहे हो. गाडी नाही."

ऑफिसातल्या कायदा विभागात एक इजिप्शियन सहकारी होते. त्यांना विचारलं. त्यांच्या सांगण्याचा अर्थ असा: बक्षीस नशिबावर ठरत असेल तर ती सोडत, तिला परवानगी हवी, आणि ती व्यापाराचा परवाना असलेल्याला मिळते. नाव नोंदवायला पैसे किंवा खरेदीची अट घातली तर प्रकरण जुगाराच्या जवळ जातं. कौशल्य पाहून, ठरलेल्या निकषांवर बक्षीस दिलं आणि कोणाकडून काही घेतलं नाही, तर गोष्ट वेगळी. तरीही संबंधित खात्यात एकदा विचारून घ्या. विचारलं. आमच्यासारख्या घरगुती गोष्टीला हरकत दिसत नाही, पण चिठ्ठी काढू नका, असं उत्तर मिळालं. मी वकील नाही. कायदे बदलतात, म्हणून हे कोणी माझ्या भरवशावर करू नये.

बायकोने लॅपटॉप मिटला. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता तीच म्हणाली, "चिठ्ठी नको. प्रश्न विचारते. इथे आल्यावर फराळातलं काय बिघडलं आणि तुम्ही ते कसं सावरलंत? त्याला गुण देता येतील ना?"

गुण म्हटल्यावर माझं काम सुरू झालं. शंभरापैकी गुण, कशाला किती ते आधी जाहीर. परीक्षकाने नाव न पाहता वाचायचं. घरच्यांना भाग घेता येणार नाही. भाग घेणारा सज्ञान आणि कतारमध्येच राहणारा हवा, कारण दुसऱ्या देशांचे कायदे मला माहीत नाहीत. यावर मेहुणीचा फोन आला: "भाऊजी, एकुलती एक वाचक मी, आणि मलाच बाहेर काढलंत?" सातवा नियम असा की मुदत वाढवली जाणार नाही. नववा, लिहिलेलं लिहिणाऱ्याच्याच मालकीचं, परवानगीशिवाय छापणार नाही. अकरावा, निकालानंतर सगळ्यांचे फोन नंबर पुसून टाकू.

मुलगी म्हणाली, "बाबा, नोबडी रीड्स द रूल्स."

"मी वाचतो."

हळूहळू मजकूर आले. फार नाहीत, पण दोन वाचकांपुढे ते पुष्कळच होते. विजेच्या शेगडीवर करपलेल्या करंज्या, दमट हवेने मऊ पडलेला चिवडा, बासमतीच्या पिठाने दगा दिलेले अनारसे. बायको प्रत्येक मजकूर दोनदा वाचायची.

मुदत संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समैस्मा या समुद्रकाठच्या गावाहून एक मजकूर आला. बायको तो ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने वाचू लागली आणि हसता हसता खाली बसली. लिहिणारीचा नवरा समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला, महिन्यातला निम्मा काळ ती एकटी. चकल्या तळताना धुराचा भोंगा वाजला, एकाच व्हिलात भाड्याने राहणारी पाच देशांची माणसं अंगणात धावली, वॉचमन बादली घेऊन आला. ही गॅस बंद करून उतरली ती चकल्यांचं ताट हातात घेऊन. सगळ्यांनी तिथेच खाल्ल्या. तेव्हापासून ती गच्चीवर तळते. पण समुद्राची हवा. चकली लगेच सादळते. म्हणून ताटं गाडीत नेऊन सीटवर मांडते आणि एसी लावते. 'माझ्या चकल्या गाडीत बसून गार होतात,' असं शेवटचं वाक्य.

"सोऱ्या हिला," बायको म्हणाली.

"मुदत काल संपली."

"एका रात्रीचा तर प्रश्न."

"ज्यांनी वेळेत पाठवलं त्यांना आपण शब्द दिलाय."

ती उठून ओट्याकडे वळली. मग म्हणाली, "इतक्या दिवसांनी एक माणूस दाराशी आलं, आणि तुम्ही कडी लावलीत."

मी नियमांचं पान काढून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नवव्या नियमात मुदतीचा उल्लेख नव्हता. "बक्षीस नाही देता येत," मी म्हणालो, "पण तिने हो म्हटलं तर छापता येईल. विचार तिला."

तिने विचारलं. उत्तरादाखल त्या बाईंचा फोनच आला. कुकर निवून उघडला तरी बोलणं चालू. मध्येच मला हाक आली.

"अहो वकीलसाहेब, यांचा लाकडी सोऱ्या तडकलाय. माझा जुना दिला तर चालेल? उसना?"

"उसनं म्हणजे बक्षीस नव्हे."

नवा सोऱ्या आयटीतल्या एका तरुणाने जिंकला. न्यायला आला तेव्हा तो उलटसुलट करून बघत म्हणाला, "काकू, हे नक्की काय असतं?" तो करंज्यांवर जिंकला होता.

जुना सोऱ्या समैस्माला गेला आणि दिवाळीनंतर परत आला तो नळीत खजूर भरून. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे त्यांच्याही घरचं वळण. पुढच्या दिवाळीला आम्ही तो पाठवला तेव्हा आत खोबऱ्याच्या वड्या होत्या. मग दर वर्षी तेच. त्या चकल्यांच्या गोष्टीमुळे वेबसाइटवर माणसं येऊ लागली. ती बंद करायची भाषा पुन्हा झाली नाही. शुक्रवारी आम्ही समैस्माला जायचो. त्या दोघी गच्चीवर तळत, आणि मी ताटं गाडीत नेऊन एसी लावून बसत असे. समोर समुद्र, मागे चकल्या. अल रय्यानची ती वर्षं आठवली की मला आधी तो वास येतो.

गेल्या वर्षी त्यांच्या नवऱ्याचं कंत्राट संपलं. नाशिकला कायमचं जाण्याआधी त्या उम्म सलाल मोहम्मद या गावातल्या आमच्या नव्या घरी आल्या आणि सोऱ्या ओट्यावर ठेवला. आत त्यांच्या हातची भाजणी दाबून भरलेली.

परवा बायको म्हणाली, "पुन्हा स्पर्धा लावू या."

"आधी खात्यात विचारून येतो. नियम तेच?"

"तेच. फक्त सातव्याखाली एक ओळ घाला. उशिरा आलेला मजकूर बक्षिसाला धरला जाणार नाही, पण वाचला जाईल."

मी ओळ घातली. बक्षिसाचा नवा सोऱ्या खोक्यात आहे. जुना तिने घासून, पुसून, खजूर भरून फळीवर ठेवलाय. कोणासाठी, ते अजून आम्हाला माहीत नाही.