आईनं हात जोडले

"हात काढ. शुभकार्य आहे."

एवढंच बोलल्या बाईसाहेब, नवरीची आई, आणि माझ्या आईच्या हातावर फटका मारला. भर मांडवात. एकोणीसशे साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. नागपूरच्या धरमपेठेतलं लग्न. नवरीच्या घेरदार शराऱ्याची कड आईनं बोटांत धरली होती. पाहुण्या बाया कशिद्याचं कौतुक करत होत्या, म्हणून ती हरखून पुढं गेली. म्हणाली, "हे माह्या पोरीनं शिवलं जी."

मीच शिवला होता. नवरीला कुणाकडं नाही असं काही हवं होतं. मी रद्दी पेपरावर आखलं, कापलं, फेकलं, पुन्हा कापलं. हिरव्या रेशमावर संत्र्याचा बहर. पांढरी, जाड पाकळ्यांची फुलं. कशिदा आईचा. काटोलकडं लोकांच्या संत्र्याच्या बागांत राबण्यात तिची जिंदगी गेली होती. बाप मेल्यावर आम्ही दोघी नागपूरला आलो. जरीपटक्यात एका सिंधी काकूंकडं काज-बटणं करता करता मी मशीन शिकले. त्यासुद्धा फाळणीत घरदार सोडून आलेल्या. त्यांनी जात विचारली नाही.

बाईसाहेबांनी विचारली. पहिल्याच दिवशी. आम्ही बौद्ध. त्यांच्या लेखी अजून महारच. माप घ्यायला नवरीजवळ जाऊ दिलं नाही. व्हरांड्यात जुना ब्लाउज-परकर टाकला. "यावरून घे." मी घेतलं.

लग्नाच्या सकाळी कड उसवली म्हणून बोलावणं आलं. आम्ही दोघींनी मागच्या अंगणात बसून शिवून दिली. निघताना आई म्हणाली, "एक डाव पाहू दे वं. अंगावर कसा दिसते तं."

म्हणून आम्ही मांडवात गेलो.

फटका मारून बाईसाहेब पाहुण्यांकडं वळल्या. हसल्या. "मुंबईहून करून आणलाय. ही उष्टी काढायला आलीय."

माझ्या तोंडून निघालं, "मुंबईवरून नाही. मी शिवला. अन् फुलं माह्या आईनं काढली."

नवरीला सगळं माहीत होतं. ती मेंदीकडं बघत राहिली.

आणि माझ्या आईनं हात जोडले. बाईसाहेबांना. "चुकलं जी. पोरगी येडी आहे."

फटक्यापेक्षा ते लागलं. अजून लागतं.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "काहून बोलली वं?"

त्यानंतर तिनं कशिद्याला सुई लावली नाही. मी कापड पुढं ठेवायची, ती सारून द्यायची. "माह्या हातचं नको." तशीच गेली. शेवटपर्यंत तिला वाटत राहिलं, खोट तिच्याच हातात आहे.

पुढं सीताबर्डीत माझं दुकान झालं. लोक डिझायनर म्हणू लागले. एका दुपारी बाईसाहेब आल्या. धाकट्या लेकीचं लग्न होतं. मला ओळखलं नाही.

"माप घ्यायला घरी याल ना?"

"नाही. तुमच्या घरचं मी शिवत नाही."

"का हो?"

"माह्या आईच्या हातावर मारलं होतं तुम्ही."

"कधी?"

खरंच आठवत नव्हतं. चेहऱ्यावर दिसत होतं.

मी दार उघडून धरलं. त्या गेल्या. मग मी मशीनवर डोकं ठेवून रडले.

त्यांना आठवणार नाही. मग आठवणीत ठेवायचं काम माझं. माझ्याकडं पोरी शिकायला येतात, आमच्याच वस्तीतल्या. कात्री हातात देण्याआधी मी त्यांना हे सगळं सांगते. बाईसाहेबांचं घर सांगते, आडनाव सांगते. आणि बजावते, आपण केलेल्या कामासाठी कुणाची माफी मागायची नाही. जीभ चालते तोवर सांगणार.