कागदाला कोणाचा हात लागलाय?

ड्रॉइंगच्या क्लासात किस्से जमवावे लागत नाहीत. पेन्सिली तासल्या की टेबलाखाली भुकटी पडते, तसे ते आपोआप पडत राहतात आणि झाडून टाकायचे राहून जातात. माझ्या घरात तर आता झाडणारंही कोणी नाही. तेव्हा बसलाच आहात तर ऐका.

शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली. रिटायर झाल्यावर महाडात, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत रविवारचा क्लास काढला. मुलांसाठी नाही, मोठ्यांसाठी. बायको शैला म्हणाली, “बरं झालं. मोठ्यांना निदान पट्टीनं मारता येणार नाही तुम्हाला!”

तीन वर्षांपूर्वी शैला गेली. मुलगा डोंबिवलीला असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, “बाबा, आज किती आले?” त्याला मी शब्द देऊन बसलोय. एकच विद्यार्थी उरला की क्लास बंद, घराला कुलूप आणि मी डोंबिवलीला. शब्द दिला तेव्हा क्लासात नऊ जण होते, म्हणून छाती फुगवून दिला. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण तिथं जाऊन मी करू काय? त्यांच्या गॅलरीतून समोरची गॅलरी बघू?

*

पहिला नंबर कदमकाकांचा. एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी घाटात काढलेली. त्यांना मार्करचा नाद लागला. आता मार्करची गंमत अशी, की एक रंग ओला आहे तोवरच दुसरा त्याच्या कडेला फिरवायचा. तरच दोन्ही एकमेकांत मिसळतात. वाळला की संपलं, मध्ये रेघ दिसते ती दिसतेच.

कदमकाका पिवळा पट्टा ओढायचे. टोपण लावायचे. चष्मा पुसायचे. मग केशरी मार्कर उचलून त्याच्याकडे दोन मिनिटं बघायचे. त्यांचा सूर्यास्त म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी!

मी ओरडायचो, “काका, घाई करा, घाई करा! वाळतोय!”

“सर, वळणावर घाई नाय करायची.”

“अहो, कागदावर दरी आहे का?”

“दिसत नाय म्हणून काय झालं?” काका शांतपणे म्हणायचे.

पुढं लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. दोन महिन्यांनी फोन आला. म्हटलं, काढता का चित्रं? म्हणाले, “काढतो की. येळच येळ हाय. पण घाई करा म्हणून वरडायला कोण नाय ओ सर.”

त्यांची खुर्ची मी अजून हलवलेली नाही.

*

बिरवाडीला खोली घेऊन राहणारा संतोष. नांदेडकडचा, तिशीचा, बिनलग्नाचा, एमआयडीसीत कामाला. त्याचा हात रंगीत पेन्सिलींवर चांगला होता. एकदा मी क्लासात सांगितलं, “पेन्सिलीचे थर दिले की कापूस गुंडाळलेल्या काडीला बेबी ऑइलचा एक थेंब लावा आणि हलकेच फिरवा. रेघा विरघळून रंग सायीसारखा होतो.”

संतोष गेला मेडिकलमध्ये आणि बेबी ऑइल मागितलं. मेडिकलवाला शेजारचाच. त्यानं हात पुढं केला, “अभिनंदन! मुलगा की मुलगी?”

संतोष मुळातच लाजरा. गांगरला आणि बोलून गेला, “मुलगा.”

संध्याकाळी घरमालकीण मावशी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन दारात! “मेल्या, लग्न झालंय सांगितलंस पण नाय! बायको गावाला हाय ना? धाड तिला.”

संतोषनं काय करावं? चार दिवसांत डबा फस्त केला. मला म्हणाला, “सर, घरचं काही खाल्ल्याला सात महिने झाले होते.”

बरं, इथं थांबावं ना! मावशीनं बाळाचा फोटो मागितला. फोटो आणणार कुठून? मग पठ्ठ्यानं क्लासात बसून बाळ काढलं. तीन रविवार! गुलाबीवर पिवळट, त्यावर पांढरी पेन्सिल जोर देऊन घासलेली, वरून तेलाची काडी. गाल असे उतरले की बोट लावावंसं वाटावं. फ्रेम केलं आणि “फोटोवरून काढलंय” म्हणून मावशीला दाखवलं.

मावशीनं चष्मा लावून निरखून बघितलं आणि म्हणाली, “नाक बघ, अगदी तुझ्यावर गेलंय!”

मग त्याला गुजरातेत दुसरी नोकरी लागली. निरोप घ्यायला आला तेव्हा मी विचारलं, “अरे, एवढं खोटं निस्तरलंस कसं?”

तो म्हणाला, “निस्तरायचं कशाला सर? कामावरून आलो की रोज कुणीतरी दारात विचारायचं, बाळ कसं आहे?”

*

सुमनताई पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतात. नवरा आणि दोन्ही मुलगे मुंबईला. या बाई दर रविवारी एसटीनं येतात. सासर-माहेर सोडून आयुष्यात कुठं गेल्या नव्हत्या, ते पन्नाशीत ड्रॉइंगच्या क्लासला!

त्यांचं ऑइल पेस्टल. रंगाचे दोन पट्टे शेजारी ओढायचे आणि मधली शीव टिश्यू पेपरनं घासून मिसळून टाकायची. “बोट नको, टिश्यू घ्या,” हे मी घसा फोडून सांगायचो. बाई ऐकतील तर शपथ! टिश्यू संपू नये म्हणून जपून ठेवायच्या आणि पदरानं घासायच्या. त्यांच्या पदराला आमच्या क्लासातली सगळी क्षितिजं लागलेली आहेत.

एकदा मे महिन्यात एसटीत गर्दी होती. पेस्टलचा डबा त्यांनी ड्रायव्हरशेजारी, इंजिनच्या गरम झाकणावर ठेवला. इथं येऊन उघडतात तो काय! चोवीस रंगांचा एकच गोळा. कडेला जांभळा, मध्ये हिरवा, त्यात केशरी उतरलेला. मी कपाळाला हात लावला.

बाई मात्र डब्याकडे कौतुकानं बघत होत्या. म्हणाल्या, “सर, तुमाला चार म्हयनं लागलं मला शिकवाया. एसटीनं तासात केलं!”

*

त्याच सुमनताईंनी एकदा आपली वाडी काढली. डोंगर, भाताची खाचरं, अकरा घरं. प्रत्येक दाराला काळा ठिपका. मी विचारलं, “हे काय?”

“कुलपं,” त्या म्हणाल्या. “समदी मुंबयला हाईत.”

चित्र सुरेख होतं, पण फारच मुकं वाटत होतं. मी मास्तरकी केली. म्हटलं, “सुमनताई, तुमच्या घरातून जरा धूर काढा. राखाडी पेस्टल आडवा फिरवायचा आणि कापसानं वर वर उडवत न्यायचा. चित्र कसं जिवंत होईल!”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की वर्गातला ढ मीच.

“सर, मी हितं बसलेय. घरी चूल कोण पेटवील?”

ते चित्र तसंच, धुराशिवाय, माझ्या भिंतीवर आहे. बघवत नाही आणि काढवतही नाही.

*

आता शैलाचा किस्सा सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा कळायचा नाही.

क्लासाचे कागद शैला कापायची. मोठे कार्ट्रिज कागद आणून चार-चार तुकडे करायचे आणि गठ्ठे माळ्यावर ठेवायचे. काम चोख, पण वेळ चुकीची! मासे तळून झाले की पदराला हात पुसायचा आणि बसायचं कापायला. कोऱ्या कागदावर काही दिसत नाही हो. पण कोणी त्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड कापसानं पसरली, की तेलकट जागेवर ती जास्त चिकटते आणि बोटाचा ठसा हळूहळू वर येतो. ऐन आकाशात!

मग मी वर्गात कडाडायचो, “कागदाला कोणाचा हात लागलाय?” सगळे आपापली बोटं बघायचे. आतून, चुलीपाशी बसून, शैला म्हणायची, “चोर सापडला की मला सांगा!”

चोर मला चांगला ठाऊक होता. तिचा उजवा अंगठा विळीनं आडवा कापला होता, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. ठशाच्या मधोमध पांढरी रेघ यायची. मी खोडरबर घेऊन ते ठसे काढत बसायचो आणि चिडायचो. किती काढले असतील, मोजदाद नाही. मूर्खासारखे काढले.

पुराच्या वर्षी खालचं सगळं गेलं, माळ्यावरचे गठ्ठे वाचले. ती गेल्यावर त्यांतलाच एकेक कागद देत आलो. ते सगळे स्वच्छ निघाले. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं ती शेवटी शेवटी हात धुवून बसायला लागली असणार.

*

गेल्या रविवारची गोष्ट. चार वाजता फक्त सुमनताई आल्या. बाकीचे एकेक करून केव्हाच गळाले होते. त्यांच्याबरोबर येणारी शेवटची बाईही मुलीकडे गेलेली, परत न येण्यासाठी. मी मनात वाक्य जुळवत होतो, की ताई, पुढच्या रविवारी येऊ नका. शब्द म्हणजे शब्द.

गठ्ठ्यातला शेवटचा कागद काढून त्यांना दिला. पेस्टलचा नवा डबा त्यांनी अजून घेतला नव्हता, म्हणून म्हटलं, आज पेन्सिल. शिसं पॉलिश पेपरवर घासून पूड केली. कापसाचा बोळा दिला. “आभाळ करा. हलक्या हातानं, गोल गोल.”

त्या करत होत्या. मी खिडकीशी उभा राहून वाक्य घोळवत होतो.

“अगो बाई!” सुमनताई ओरडल्या. “सर, मी नाय ओ! मी हात धुवून बसलेय! शपथ!”

आभाळाच्या उजव्या कोपऱ्यात एक अंगठा वर येत होता. मधोमध आडवी पांढरी रेघ.

त्यांनी घाबरून खोडरबर उचललं. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि खिशात टाकलं.

“मग ह्यो हाय तरी कोणाचा?” त्या आपला अंगठा उलटसुलट करून बघायला लागल्या.

तेवढ्यात फोन वाजला. आज जरा लवकरच केला होता पोरानं.

“बाबा, किती आले आज?”

मी कागदाकडे बघितलं.

“दोघी,” म्हटलं.

सुमनताई वळून दाराकडे बघायला लागल्या.