धाब्यावरची वांगी

मंगरूळपीरला आमच्या दारात माझ्या माहेरचा, केनवडचा माणूस डोक्यावरचा रुमाल काढून उभा राहिला, तेव्हाच मी काय ते समजले. माझे थोरले भाऊ, आमचे दादा, सकाळी घराच्या धाब्यावर गेले ते खाली आलेच नाहीत. "सूर्याले पाणी द्याले गेले होते, तिथंच पडले," एवढंच तो म्हणाला. सूर्याला पाणी... घरातली माणसं गावाला हेच सांगायची. खरं तर त्या मातीच्या गच्चीवर दादा वांग्यांना पाणी घालायचे.

आता वांगी लावण्यात लपवण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. आमच्या देशमुखांच्या घरात होतं. शेती मोप, पण मालकाने बांधावर उभं राहून हुकूम सोडायचा. त्याच्या हातात खुरपं दिसलं की भाऊबंदांना वर्षभर पुरेल इतकं हसू. म्हणून दादांनी घासलेटचे रिकामे डबे कापून, फुटक्या रांजणाची बुडं घेऊन कठड्याआड आपला मळा मांडला होता. मेथी, मिरच्या, सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, आणि वांगी. मी माहेरी गेले की मला हळूच वर न्यायचे. एकदा एका फुलामागे बोराएवढं वांगं धरलं होतं, तर पन्नाशीचा हा माणूस गुडघे टेकून बसला. "पाह्य बाई, काल नव्हतं हे. शेतात खंडीनं पिकते, पण ते मले कधी माहं वाटलंच नाही." चेहरा असा उजळलेला, की त्यांच्या लग्नातही मी तसा पाहिला नव्हता. मग खालून कोणाची तरी हाक आली आणि दादा घाईघाईने धोतराला हात पुसू लागले.

पुतणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा वहिनींनी त्याच वांग्यांची भाजी केली. पाहुणे बोटं चाटत म्हणाले, "कोनाच्या मळ्यातली हो ही?" दादांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता सांगतील... सांगावंसं त्यांना फार वाटत होतं, ते मला दिसत होतं. पण म्हणाले, "रहीमभाईच्या." रहीमभाई बागवान, दादांना बी आणून देणारा, नेमका अंगणात बसला होता. पाहुण्यांनी त्याला बोलावून शाबासकी दिली. त्याने एकवार दादांकडे पाहिलं, "अल्लाची मेहेरबानी" म्हणाला आणि मान खाली घातली. दादा त्या दिवशी पुढे जेवलेच नाहीत. मला त्यांची लाज वाटली, आणि तितकीच कीवही आली.

मी केनवडला पोचले तेव्हा त्यांना आंघोळ घालून झाली होती, पण नखांत माती तशीच होती. पुतण्या काडीने ती कोरायला लागला. वहिनी त्याला म्हणाल्या, "राहू दे रे, त्यायची हाय ते." तेवढ्यात भाऊबंद आत आले, आणि मी... मी चादर ओढून दादांचे हात झाकले. मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेरावं उरकल्यावर वहिनींनी ते सगळे डबे खाली आणवले आणि पुढच्या अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडले. मी सोबतीला राहिलेच होते. परवा चुलतकाका आले, डब्यांपाशी थबकले. "हे काहून मांडलं इथं? कोनाचं हाय?" रिवाजाप्रमाणे वहिनी दाराआड, तेव्हा बोलायचं मलाच होतं. आता कशाची भीती होती? दादांना कोणी हसून हसून काय हसणार होतं? तरी माझ्या तोंडून गेलंच, "रहीमभाईचे हायेत, काकाजी. घेऊन जाईन तो."

वहिनी बाहेर आल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या काकांसमोर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वांग्याच्या डब्यापाशी खाली बसल्या आणि काकांच्या देखत, भर उन्हात, दोन्ही हातांनी माती मोकळी करू लागल्या. मी पदरात हात गुंडाळून तिथंच उभी होते.