मधल्या वयाचा पुंज

अंदाकोयो गावाचा चढ लागला तशी यास्नाची बडबड थांबली. ग्लाडिसला वाटलं, बूट चावत असतील.

"बसू या का जरा?"

"नको. बसले तर बोलेन."

यास्ना याच गावची, खाणकामगाराची लेक. बाप इथल्या चर्चमधल्या देवीपुढे बासरी वाजवत नाचायचा. आता ती खाली वेधशाळेत शेजारच्या दीर्घिकेतल्या, मॅजेलनच्या मोठ्या मेघातल्या तारकापुंजांची वयं काढायची. पुंजातले तारे एकदमच जन्मतात, त्यातले तेजस्वी आधी विझतात. किती तेजापर्यंतचे उरलेत ते पाहायचं, की वय कळतं. त्या मेघात पुंज एकतर फार म्हातारे, नाहीतर तरणे. मधले जवळजवळ नाहीतच. यास्नाला एक मिळाला होता. तिची नोकरी त्याच्यावरच टिकणार होती. सोमवारी लेख छपाईला जायचा होता, त्यावर तिच्यासोबत काम करणाऱ्या ग्लाडिसचंही नाव होतं. पुंज मधल्या वयाचा निघू दे म्हणून यास्नानं या देवीआईला पायी यायचा नवस केला होता. तोच फेडायला दोघी निघालेल्या.

पुंजात मिसळलेले परके तारे वजा करायला शेजारच्या आभाळाचा एक तुकडा मोजतात.

"मी चार तुकडे मोजले होते," यास्ना म्हणाली.

"मग?"

"त्यातले तीन वापरले की पुंज म्हातारा निघतो. लेखात चौथा आहे."

ग्लाडिस जागीच थबकली. मागून नाचणाऱ्यांचा ताफा आला. "पोरींनो, बाजूला व्हा," एक म्हातारा म्हणाला. "आई थांबेल, ऊन नाही थांबायचं."

"ते तीन का सोडलेस?"

"एकात भगभगीत तारा होता. एक अगदी कडेला. तिसऱ्यातही काहीतरी खोट काढली. कारणं शोधली की सापडतात."

"अगं, चौथाच खरा असेल."

"असेलही. मला आता कळतच नाही. ताऱ्यांचा आलेख समोर आला की हात मधल्या वयाचीच रेघ ओढतो. आणि निघालेय आईचे आभार मानायला."

ग्लाडिसनं छातीवर क्रूस केला. "चल, मागे फिरू."

"नवस बोललेय तर जाणार. आता काय बोलायचं तिच्याशी, ते बघेन." यास्नानं तिचं मनगट धरलं. "तू उतर. खाली वेधशाळेकडची बस मिळेल. तुकडे तूच निवड, माझे बघू नकोस. रेघ तू ओढ. म्हातारा निघाला तर लेख आजच परत मागव. आणि मला फोन करून विचारू नकोस, ग्लाडिस. मी नको म्हणेन."