पाव्हण्या उठंनात, मी जेवंना

तवा घरात मी, माजी सासू, माजा तीन म्हयन्यांचा पोर, आन मुंबयच्या दोन पोरी व्हत्या. तिसऱ्या दिशी त्यांना शिकवणाऱ्या बाई आल्या. बस, येवढीच मानसं. घरवाला लाकडं तोडायला खोपोलीकडं गेला व्हता.

लढाईचे दिस. पोरी गरिबांची सेवा करायचं शिक्षान घेत व्हत्या. आमच्या पोशीरला आल्या, देवळात उतरल्या. रोज सकाळी माज्या दारात. दुपार झाली की मी ताटं वाढायची, तांदळाची भाकर आन सुक्या जवळ्याची चटणी. पोरी म्हनायच्या, "नको वहिनी, आम्ही खाऊन आलो." आन वहीत लिवत बसायच्या, पार दिवे लागेपर्यंत.

आमच्यात रीत अशी, घरात बसलेलं पाव्हणं जेवल्याबिगर बाईनं घास तोंडात घालायचा नाय. मी उपाशी, सासू बी उपाशी. त्या गेल्या की थंड भाकरीचा कोरका चावायचा. दोन दिसांत माजं दूध आटलं. पयला पोर असाच सुकून गेला व्हता, म्हनून जीव टांगनीला. ह्यो रडतोय, आन त्या दोगींतली चष्मेवाली विचारते, "वहिनी, हा का हो रडतो?"

मनात आलं, सांगावं, तुज्यामुळं गं भवाने. पन पाव्हणीला कसं बोलायचं? पोराला थोपटीत राह्यले.

तिसऱ्या दिशी बाईंसमोर चष्मेवालीनं वही वाचली, "बाळाची आई दिवसभर जेवत नाही. सासूचा जाच."

सासू फुकनी घिऊनच उठली. "माजा जाच? आगं बये, तुमी दोगी गिळा नायतर बूड हलवा, म्हंजे ती गिळंल!"

बाई हसल्या नायत. पोरींना म्हनाल्या, "का नाही जेवलात?"

"गरिबाच्या घरचं कमी होईल म्हणून."

"खरं सांग."

चष्मेवाली रडायलाच लागली. "चटणीचा वास आला. किळस वाटली."

"मग तेच लिही. वहिनींचं लिहिण्याआधी स्वतःचं."

बाईंनी तिथंच फतकल मारली, ताट वढलं. पोरी बी बसल्या. चष्मेवालीनं नाक मुरडत मुरडत तीन भाकऱ्या हानल्या. सासू म्हनते, "किळसंला भूक बरी लागलीया."

मंग मी जेवले. त्या दिसापासनं रोज दुपारी जेवले. चार दिसांनी पोराला दूध पुराया लागलं. जगला तो.

वाचनाऱ्यांनो, कुनाच्या घरी सेवा कराया गेलात आन ताट म्होरं आलं, तर जेवा. जमत नसंल तर जेवनाच्या येळंला उठून जा.