दोन कप्प्यांची पिशवी

रंगांचा तो ठोकळा मला आजपर्यंत एकदाही सोडवता आलेला नाही. एक बाजू जमते, पांढरी. दुसरी जमवायला गेलो की पहिली बिघडते, मग मी तो बाजूला ठेवतो आणि चहा मागतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण एके काळी गोव्यात इब्रामपूरपासून साखळीपर्यंत लोक मला क्यूबवाला जादूगार म्हणत आणि मी ते खाली मान घालून नव्हे, चांगली ताठ मानेने ऐकून घेत असे.

ठोकळा दिला शेजारच्या काकीच्या मुलाने. आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. पुढे तो वास्कोला बंदरात लागला आणि तिथून बोटीवर गेला. मी साखळीजवळच्या एका खाणीवर वजनकाट्याशी बसून ट्रकवाल्यांना चिठ्ठ्या फाडून देऊ लागलो. तो जग बघत होता, मी ट्रकांच्या नंबरप्लेटी. एका गणेशचवथीला तो सुट्टीवर आला तेव्हा दोन ठोकळे घेऊन आला, एक मला आणि एक आपल्या आईला. आईला कशाला, तर घरात शोभेला. काकीने तो मेजावर रेडिओच्या शेजारी, खाली क्रोशाचा रुमाल घालून ठेवला. सहाही बाजू जुळलेल्या, आणि कुणी हात लावायचा नाही असा हुकूम.

माझा पाच मिनिटांत बिघडला. मित्राने बोलता बोलता जुळवून दिला, मी परत बिघडवला. चार दिवस हेच चाललं. शेवटी तो वैतागला.

“तुझ्या टकलेत ह्या शिराचा नाय,” तो म्हणाला. “तू आपली जादू शीक.”

बोटीवरच्या कुणा खलाशाने त्याला ती दाखवली होती. कापडी पिशवी घ्यायची, तिला आतून एक पडदा शिवायचा, म्हणजे दोन कप्पे होतात. एका कप्प्यात आधीच जुळलेला ठोकळा लपवायचा. दुसरा, बिघडलेला, लोकांच्या हाती द्यायचा. हवा तितका फिरवा म्हणायचं. मग तो पिशवीच्या रिकाम्या कप्प्यात टाकायचा, काहीतरी पुटपुटायचं आणि दुसऱ्या कप्प्यातून जुळलेला बाहेर काढायचा. संपलं. एवढ्यासाठी अक्कल लागत नाही, तोंड लागतं, आणि ते मला देवाने भरपूर दिलेलं आहे.

पिशवी मी साखळी बाजारातल्या शिंप्याकडून शिवून घेतली. “एका बाजूला तांदूळ, एका बाजूला डाळ काय?” त्याने विचारलं. मी गूढ हसलो. त्या हसण्याचाही मी आरशासमोर सराव केला होता. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

पण दुसरा ठोकळा? तो होता काकीच्या मेजावर. मित्र बोटीवर परत गेला आणि मी काकीच्या दारात जाऊ लागलो. “काकी, तुझो डबो दी गे वायच. सराव करूचो आसा.” काकी तो रुमालासकट उचलून द्यायची. “फिरवू नको हां,” एवढंच म्हणायची. मला वाटायचं, साधी बाई आहे, हिला काय कळणार.

प्रयोग धडाक्यात सुरू झाले. आमच्या ओसरीवर, वाड्यावरच्या बारशाला, खाणीच्या कँटीनमध्ये. ते दिवस भाषेच्या भांडणाचे. कोकणी की मराठी, यावरून चहाच्या दुकानात सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसायचे. माझ्या प्रयोगाला मात्र दोन्ही बाजूंचे यायचे. मंत्र मी मराठीत म्हणायचो आणि टाळ्या कोकणीत मागायचो, म्हणजे कुणाचीच तक्रार नको. ठोकळा जुळून बाहेर आला की एक क्षण सगळे गप्प व्हायचे. त्या क्षणासाठी मी जेवण सोडलं असतं. आईने एकदा सोडायला लावलंही, पण ते वेगळ्या कारणासाठी.

दिवाळीनंतर मित्राची पत्रं यायची बंद झाली.

आधी कुणाला काही वाटलं नाही. मग भाषेच्या आंदोलनात लोकांनी रस्त्यांवर झाडं आडवी टाकली, गाड्या बंद झाल्या, आणि सगळ्यांना कारण मिळालं. टपाल अडकलं असणार. रस्ते मोकळे झाले, गाड्या सुरू झाल्या, इतरांची पत्रं आली. काकीचं नाही. पोस्टमन सायकलवरून तिच्या दाराशी आला की मान दुसरीकडे वळवून पुढे जायचा. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती, घरात दुसरं माणूस नाही. ती जनेलाशी, म्हणजे खिडकीशी उभी राहून रस्ता बघायची आणि मग चूल न पेटवता तशीच आडवी व्हायची. हे आई मला सांगायची, आणि सांगताना माझ्या ताटात जास्तीची भाकरी वाढायची.

एके दिवशी पोस्टमन असाच निघून गेल्यावर काकी आमच्या ओसरीवर आली. मी पोरांपुढे प्रयोग करत होतो. ठोकळा जुळून बाहेर आला, पोरं ओरडली. पोरं गेल्यावर काकी मुलाची आठवण काढून हळूच म्हणाली, “माझ्यासाठी एकदा कर. तुझ्या डब्याक इचार, माझो झिल येतलो काय नाय. सारको आयलो तर येतलो.”

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? हात जोडावेत, काकी हा पोरखेळ आहे म्हणावं. मी काय केलं? मी डोळे मिटले, आवाज खाली आणला, नेहमीपेक्षा लांब मंत्र म्हटला आणि जुळलेला ठोकळा तिच्यापुढे धरला. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला माझाच थोडा विश्वास वाटला होता.

“आयलो मां सारको?” ती म्हणाली. “मगे येतलो.” घरी जाऊन तिने चूल पेटवली. धूर आमच्या अंगणापर्यंत आला.

झालं! दर आठवड्याला पोस्टमन पुढे गेला की मला बोलावणं. रविवारी तर पोदेर पाव देऊन जायच्या आत ती दारात. मी तिच्याच मेजावरचा ठोकळा सराव म्हणून न्यायचा, पिशवीत लपवायचा आणि तासाभराने तोच तिच्यापुढे काढून दाखवायचा. दर वेळी होय. नाही म्हणायची सोयच नव्हती त्या पिशवीत. पहिल्या दोन-तीन वेळा मला पुण्य केल्यासारखं वाटलं. मग मला प्रश्न पडायला लागले. पोरगा खरंच कुठे असेल? आणि उद्या काही वाईट कळलं तर ही बाई माझ्या तोंडाकडे कशी बघेल, आणि मी हिच्या?

“मी वास्कोक जावन येतंय गे,” मी दोनदा म्हणालो. “तेच्या हापिसात इचारतंय.”

“कित्याक? रस्ते बंद आसत,” ती म्हणायची. रस्ते केव्हाच उघडले होते.

“बरां, मग देवाचो कौल घे.”

आमच्याकडे कौल घेतल्याशिवाय गायसुद्धा विकत घेत नाहीत. देवळात मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव देवाला प्रश्न घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गावात कुणी पोराचं लग्न ठरवायला जातं, कुणी विहीर कुठे खणू विचारायला. काकी मात्र कौलाचं नाव काढलं की उठून भांडी घासायला जायची. आईला विचारलं तेव्हा तिने सांगितलं. काकीचा नवरा आजारी होता तेव्हा तिने कौल घेतला होता. डावी पडली. आठ दिवसांत तो गेला. त्यानंतर ती देवळात जाते, नमस्कार करते, दिवा लावते, पण विचारत काही नाही.

एवढं कळल्यावर तरी मी प्रयोग बंद करायला हवे होते. छे! उलट कँटीनमध्ये मोठा प्रयोग लावला. यंत्रावर काम करणारा एक कोल्हापूरकडचा गडी पुढेच बसला होता. जुळलेला ठोकळा मी झोकात बाहेर काढला तसा तो उठला. “आयला, भारी की! आण इकडं!” म्हणत माझ्या हातातून काढून घेतला, करकर करकर फिरवला आणि परत दिला. “आता ह्यो कर बघू.” दोन्ही ठोकळे बिघडलेले आणि समोर साठ डोळे. मी पिशवीत हात घातला, मंत्र म्हटला, परत म्हटला, घाम पुसला, आणि शेवटी ट्रक आला ट्रक आला म्हणत काट्याकडे पळालो. ट्रक आला नव्हता.

फजितीचं काही नाही, ती मला सवयीची. पण ठोकळा काकीचा होता. दुपारभर बसून मी स्क्रू ड्रायव्हरने त्याचे तुकडे उपसले आणि रंग बघून पुन्हा बसवले. शेवटचा तुकडा जाईना. जोर लावला, त्याचं बूड मोडलं. गोंद लावून दाबला. सुकल्यावर बघतो तर उलटा! लाल बाजूवर एक पांढरा चौकोन आणि पांढऱ्या बाजूवर एक लाल. वर तो गोंदाने असा आवळला की ठोकळा आता कुठूनच फिरेना. मी तो काकीच्या मेजावर, वाकडा तुकडा मागे आणि खाली येईल असा ठेवला आणि चोरासारखा बाहेर पडलो. चोरासारखा कशाला, चोरच.

पुढच्या खेपेला पोस्टमन गेला आणि बोलावणं आलं. त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो. आज बिघडलेलाच बाहेर काढायचा. आज नाही म्हणायचं. मग ती रडेल, मला शिव्या देईल, पण कौल तरी घेईल, नाहीतर मला वास्कोला तरी जाऊ देईल. हा खेळ थांबेल. मंत्र मी घाईने उरकला. मी बिघडलेला ठोकळा काढला आणि तिच्यापुढे धरला. तिच्याकडे बघवेना, म्हणून रेडिओकडे बघत राहिलो.

 काकीने माझ्या हातातली पिशवी घेतली, सरळ दुसऱ्या कप्प्यात हात घातला आणि आपला ठोकळा बाहेर काढला. वाकडा तुकडा तिच्या अंगठ्याखाली बरोबर झाकलेला होता.

“हात चुकलो तुझो,” ती म्हणाली. “ह्यो घे. ह्यो दाखय.”

मी रेडिओवरून नजर काढून तिच्याकडे बघितलं.

“माझोच डबो माझ्याकडसून व्हरतस, आणि माका कळाचा नाय?”

“मग कित्याक इचारतस गे?” मी जवळजवळ ओरडलोच. मला राग आला होता, तिचा की माझा ते माहीत नाही. “देवाक इचार मां!”

“देवाक इचारलंय तर तो खरां सांगतलो,” ती म्हणाली. “माका खरां नको रे. माका दोन घास जेवूक व्हये.”

सगळ्या मुलखात माझी जादू एकाच माणसाला पहिल्या दिवसापासून कळलेली होती, आणि माझा प्रयोग पुन्हा पुन्हा मागणारं माणूसही तेच. मी खाली बसलो आणि लाज न बाळगता रडलो. काकीने मला पाणी दिलं. मी म्हणालो, उद्या मी वास्कोला जाणार, तू काही म्हण.  मेजावरच्या क्रोशाच्या रुमालाखालून तिने एक कागद काढला. त्यावर मुलाच्या अक्षरात बोटीच्या एजंटाचा पत्ता होता. इतके महिने तो तिथेच होता.

तीन गाड्या बदलून मी वास्कोला पोचलो. ऑफिसातला कारकून चहा पीत होता. चहा पितापिताच त्याने वही उघडली, बोट फिरवलं आणि सांगितलं. मालकांच्या भांडणात बोट परदेशातल्या एका बंदरात अडकून पडली होती, माणसांना उतरू देत नव्हते, पण सगळी सुखरूप आहेत, आणि परवानगी आलेली आहे, महिन्याभरात घरी पाठवतील. मी त्याला पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने वही माझ्याकडे फिरवली. नाव होतं.

परतीच्या वाटेवर मी सगळं ठरवून ठेवलं. आज ऐटीत मंत्र म्हणायचा, जुळलेला ठोकळा काढायचा आणि मग बातमी सांगायची. आयुष्यात पहिल्यांदा माझी जादू आणि खरं एकत्र येणार होतं. दिवेलागणीला गावात उतरलो. काकी दारातच बसली होती. काय झालं, असं तिने विचारलं नाही. आदल्या दिवशी तिच्याकडेच राहिलेली माझी पिशवी आणि दोन्ही ठोकळे तिने आधीच तयार ठेवले होते.

“आधी डबो काढ,” ती म्हणाली.

घाईत कुठला कप्पा कुठला तेच कळेना. मंत्र विसरलो. हात घातला, काढला. बिघडलेला!

“नाय नाय काकी, येतलो, खरांच येतलो! ह्यो डबो मरांदी, माझो हात चुकलो, तेच्या हापिसात नाव बघून आयलंय, म्हयन्याभरात येतलो!”

मी दुसऱ्या कप्प्यात हात घालायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं. ती ठोकळ्याकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

“ऱ्हवांदी,” ती म्हणाली. “तो आता नको.”

मग पदर तोंडाला लावून ती रडली, चांगली मोठ्याने, शेजारची माणसं गोळा होईपर्यंत. शेवटी डोळे पुसून तिने तो बिघडलेला ठोकळा माझ्या हातातून घेतला, मेजावर रुमालावर तसाच ठेवला, आणि मला विचारलं की वास्कोकडची शेवटची गाडी आपल्या गावात किती वाजता येते.