पट्टीवरचा मांडव

तुम्ही फोनवर "येतोय" म्हणालात की माझा पहिला प्रश्न असतो, किती वाजता? त्यावर तुम्ही दोघं हसता. ही सवय मला विमानानं लावली, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

मी चंद्रपूरहून एका इंजिनाचं, चार आसनांचं विमान चालवत असे. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, नागपूरला उडायला शिकले आणि पुढं बरीच वर्षं एका धर्मादाय दवाखान्यासाठी औषधं, रक्ताच्या पिशव्या आणि कधी रुग्ण यांची ने-आण केली. गोंडपिपरीपर्यंत खाली धानाच्या बांध्या दिसत, त्यांत वाकलेली माणसं दिसत. वैनगंगा ओलांडली, आलापल्ली मागं पडली की नुसतं जंगल. खूण म्हणून एखादी नदी, कुठं एका घराचा धूर. इंजिनाचा आवाज इतका अंगवळणी पडायचा की तो ऐकूच येईनासा होई. मग मी उंची, इंधन, वेळ मोठ्यानं वाचत असे. कोणीतरी बोलतंय असं वाटावं, एवढंच कारण. हे तुमच्या आजोबांनाही मी कधी सांगितलं नाही.

भामरागडच्या अलीकडं एका गावाजवळ कोण्या जुन्या लाकूड ठेकेदारानं विमान उतरवायला केलेली गवताची पट्टी होती. पावसाळ्यात नाल्यांनी रस्ता तोडला की तिथं पोचायला तेवढी एकच वाट. एका श्रावणात तिथल्या शाळेच्या गुरुजींनी पोलिसांच्या वायरलेसवरून निरोप धाडला. एक मुलगी बाळंत झाली होती, मूल चांगलं होतं, पण आईचं रक्त थांबत नव्हतं. मी उलट निरोप दिला, "उद्या सकाळी येते. पट्टी साफ करून ठेवा. पाहुणा येणार आहे असं समजा."

ते शेवटचं वाक्य द्यायला नको होतं.

निघताना गुडघ्यावरच्या कागदावर लिहिलं होतं, साडेअकराला परत फिरायचं. इंद्रावतीकडून दुपारी ढग चढत, आणि त्या ढगात सापडलं की खाली उतरायला जागा नाही. अकराला गावावर पोचले. पट्टी झाडून लख्ख केली होती. आणि तिच्या बरोबर मधोमध मांडव होता. हिरव्या बांबूंचा, वर जांभळीच्या डहाळ्या घातलेला, चांगला लग्नाचा मांडव. पाहुणीला उन्हापावसात उभं ठेवायचं नाही म्हणून रातोरात घातलेला.

मी खाली येऊन एक घिरटी घातली. माणसांनी हात हलवले. दुसरी घातली, तर ढोल वाजू लागले. आवाज येत नव्हता, पण टिपऱ्या वरखाली होताना दिसत होत्या. मांडवाशेजारी बाजेवर चादरीखाली कोणीतरी निजलेलं होतं. एवढी माणसं माझ्यासाठी नाचत होती आणि मला त्यांना एक शब्द सांगता येत नव्हता.

शेवटी चिठ्ठी लिहिली, "मांडव काढा. त्याशिवाय उतरता येत नाही." डब्यातली पोळीभाजी रुमालात काढली, चिठ्ठी डब्यात घातली आणि खिडकीतून टाकली. गुरुजी धावताना दिसले. नंतर सगळेच धावले. मी वर फिरत राहिले. दक्षिणेला ढगांची भिंत उभी राहत होती. अकरा वीस. अकरा पंचवीस. साडेअकरा झाले तेव्हा चार बांबू उभे होते. तेव्हा मी फिरायला हवं होतं. माझ्या कागदावर तसं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. अकरा चौतीसला चाकं गवताला लागली.

गुरुजी घामानं निथळत पुढं आले. "बाई, तुमीच तं म्हणलं, पाहुणा येऊन राह्यला समजा म्हणून!"

"चुकलंच माझं, गुरुजी."

एक म्हातारा विमानाभोवती फिरून आला. "बाईच चालवते काय हे? मंग मालक कुठी हायेत?"

"घरी भात शिजवताहेत."

"बरं हाय! आमचा मांडव मोडला ना बाई तुमी, आता कोणाचं तरी लगन लावून द्या."

हसता हसताच त्यांनी बाज उचलली. मागची आसनं आधीच काढली होती, तिथं तिला निजवलं. गावच्या नर्सबाई सोबत येणार होत्या, पण ओल्या पट्टीवरून तेवढं वजन उचललं गेलं नसतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी देऊ नका, ऑपरेशन लागेल." मूल आजीच्या कडेवर राहिलं.

वर आल्यावर ढगांच्या कडेकडेनं निघाले. मागून ती एकच शब्द म्हणत होती, "एर." गोंडीतला तेवढा एकच शब्द मला येत होता. पाणी. माझी बाटली पायाशी होती. का देत नाही हे तिला कळेल असं सांगायला माझ्याकडं भाषाच नव्हती. इंग्रजी होती, मराठी होती. पुढं ती थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. मी हात मागं केला. बऱ्याच वेळानं तिनं माझं बोट धरलं. वैनगंगेपर्यंत मी एका हातानं विमान चालवलं आणि आकडे वाचले नाहीत.

चंद्रपूरच्या पट्टीशी ॲम्ब्युलन्स उभी होती. स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं. मी रुमालातली पोळी खाल्ली आणि कागदावर उतरण्याची वेळ लिहिली.

महिनाभरानं गुरुजींचं पत्र आलं. नाले उतरल्यावर ती शेवटचे दोन कोस चालत गावात आली होती. मूल तिला ओळखेना, दोन दिवस रडलं, मग तिच्याजवळ राहिलं. पत्राखाली एक ओळ होती, पट्टी आम्ही मोकळीच ठेवून राह्यलो.

पुढं दवाखान्यानं विमान विकलं, पूल झाले, रस्ता झाला. तरी दर पावसाळ्याआधी गुरुजींचं कार्ड येई, पट्टी मोकळी आहे. मग कार्डं थांबली. तुमचे आजोबा गेले तेही त्याच वर्षी. मी त्या गावी पुन्हा गेले नाही. तिचा चेहरा मला आठवत नाही. सगळा वेळ ती माझ्या पाठीमागं होती.

तुमची खोली मी रोज झाडते. शेजारीण म्हणते, पडदे लावा, काहीतरी सजवा. मी लावत नाही. दोन्ही पलंग रिकामे ठेवले आहेत आणि दारातली कुंडीसुद्धा बाजूला सरकवली आहे. तुम्ही फक्त वेळ कळवा. चार मिनिटं उशीर चालेल.